पहिल्या जागी दोन नावं

कोरेगाव भीमाच्या एका मंगल कार्यालयात नात्यातल्या लग्नाला गेले होते. बँडवाल्यांनी अगदी माझ्या कानाशीच ठाण मांडलेलं, आणि पर्समधला फोन थरथरत होता. रफिकभाईंचं नाव बघून मी एका कानात बोट घातलं आणि ओरडूनच म्हणाले, "हां, बोला!" तिकडून ते काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं ते इतकंच, की आपा घरी गेली. शमीम, त्यांची थोरली बहीण आणि माझी मैत्रीण, बरेच दिवस पुण्याच्या दवाखान्यात होती. मला वाटलं, सोडलं वाटतं एकदाचं. मी मोठ्यानं म्हणाले, "बरं झालं! फार बरं झालं बघा!" मग लहान पोराला समजवावं तसे एकेक शब्द सुटे करत ते म्हणाले, "ताई... घरी न्हाई. आपा गेली. गेली आपा." बँड चालूच होता. समोरून कुणीतरी अक्षता वाटत आलं आणि मी फोन कानाला तसाच धरून हात पुढं केला, अक्षता घेतल्यासुद्धा.

दौंडला पोचले तेव्हा तिला न्यायची तयारी झाली होती. तोंड बघायला मिळालं, एवढंच. त्या 'बरं झालं'चा विषय रफिकभाईंनी पुन्हा कधी काढला नाही, पण मला अजून तो आठवला की अंगावर काटा येतो. शमीमला हा किस्सा सांगता आला असता तर ती पोट धरून हसली असती आणि महिनाभर मला 'बरं झालं बाई' अशी हाक मारली असती. होतीच ती तशी, दुष्ट. रडायच्या ऐवजी मला हे सगळं तिला सांगावंसं वाटत होतं, आणि सांगायला तीच नव्हती. मेलं ह्याच्यासारखं वाईट काही नाही.

आमची ओळख पुण्याच्या मुलींच्या वसतिगृहातली. मी वडगाव रासाईची, मराठी शिकायला आलेली. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे, वडिलांनी भीमेच्या काठाला ऊस लावला आणि घर एका जागी बसलं. ती दौंडची, वडील रेल्वेत, धाकटा भाऊ रफिक फ्रिज दुरुस्तीच्या धंद्यात पडलेला, आणि ही जीवरसायन शिकणारी. पहिल्याच आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं, कारण मला खिडकी उघडी लागायची आणि तिला वारा सहन व्हायचा नाही, आणि दोघींपैकी एकीलाही हळू आवाजात बोलायची सवय नव्हती. वसतिगृहाच्या बाई म्हणायच्या, एक दौंडचं इंजिन आणि एक मेंढरं हाकणारीची हाळी, ह्या दोघींना एका खोलीत कुणी घातलं? पुढं आम्हाला वेगवेगळ्या खोल्या देऊ केल्या तेव्हा मात्र दोघींनीही घेतल्या नाहीत.

तिचा विषय मला कळावा म्हणून तिनं किती डोकं फोडलं असेल! एकदा वैतागून तिनं माझ्या गळ्यातली मण्यांची माळच ओढली. "हे प्रथिन समज. दुधात असतं, रक्तात असतं, तुझ्या केसात असतं. मणी वीस जातींचे. कुठल्या मण्यामागं कुठला मणी येतो, त्यावर ते प्रथिन काय काम करणार ते ठरतं. तो क्रम वाचायचा, बस." मी म्हटलं, मग वाच की. तर म्हणाली, "दिसले असते तर वाचले नसते का, ढब्बू? डोळ्याला दिसत नाहीत. म्हणून एका टोकाचा एकच मणी सोडवायचा, बाकीच्या माळेला धक्का लावायचा नाही, त्या सुटलेल्या मण्याला त्याचं नाव विचारायचं. मग पुढचा मणी. मग त्याच्या पुढचा." मी सहज बोलून गेले, "म्हणजे उसवायचं. टाका टाका उसवतात तसं." ती एकदम उठून बसली. उसवायचं, उसवायचं, असं दोनचारदा स्वतःशीच म्हणाली. पुढं तिनं जे यंत्र बांधलं त्याचं नाव त्या दिवशीच पडलं. त्याला ती 'उसवणी' म्हणायची. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव आहे, ते तिनं आमच्यासमोर कधी वापरलं नाही.

यंत्र बांधायचं वेड तिच्या डोक्यात शिरलं ते रागातून. तिचं संशोधन एका प्रथिनावर अडलं होतं. त्याचे पहिले काही मणी कळले असते तर गाडी पुढं सरकली असती, पण ते वाचणारी यंत्रं मोजक्याच ठिकाणी, त्यातली काही बंद पडलेली, आणि जिथं चालू होती तिथं नमुना पाठवून वाट बघत बसायचं. "माझी माळ दुसऱ्याच्या दारात रांगेत उभी आहे, कमळे," ती म्हणायची. "तिचा नंबर कवा लागायचा कुणास ठाऊक." तो लागलाच नाही. मधल्या काळात वडील गेले, घराला पगाराची गरज पडली आणि पदवी अर्धवट टाकून ती कुरकुंभच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत शिफ्टवर लागली. मीही शिरूरच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागले. दुसरी एखादी असती तर तिनं तिथं विषय मिटवला असता. शमीमनं रफिकच्या दुकानामागची खोली मागून घेतली.

त्या खोलीबद्दल काय सांगू! माळेचा मणी सोडवायला जे मुख्य औषध लागतं त्याला वास थेट मोहरी फेसल्यासारखा, नाकातून मेंदूत जाणारा. ती मोठा पंखा आणि धुराडं लावून, तोंडाला जाड मुखवटा बांधून काम करायची, पण बाटली उघडताना थोडा तरी वास निसटायचाच. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, ही पोर लोणच्याचा धंदा काढतेय. एक म्हातारी तर बरणी घेऊनच आली, "थोडं दे गं चवीला." शमीमनं तिला हात जोडले. पुढच्या खेपेला आईच्या हातचं खरंखुरं कैरीचं लोणचं त्या बरणीत भरून पाठवलं आणि त्या दिवसापासून तिचा लोणच्याचा धंदा आहे, ही गोष्ट गल्लीत पक्कीच झाली.

यंत्राच्या एकेका भागाची अशीच कहाणी. औषधं थेंबाथेंबानं सोडायला झडपा हव्यात, म्हणून रफिकनं फ्रिजच्या झडपा बसवून दिल्या. आम्ही पेढे वाटायच्या बेतात, तोवर आतल्या आम्लानं त्यांचं रबर फुगवून पार गोळा केलं. मग तिनं तव्यांना लावतात तसल्या न चिकटणाऱ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या चकत्या लेथवर कातून घेतल्या. हवा खेचायला गाईंच्या दूध काढायच्या यंत्राचा पंप आला, एका गोठेवाल्यानं वापरायला दिलेला. मणी ओळखायचं जुनं यंत्र कंपनीनं भंगारात काढलेलं, ते तिनं रीतसर परवानगीनं उचलून आणलं. सुटलेला मणी त्यातल्या बारीक नळीतून धावतो, आणि कोण किती वेळात बाहेर पडतो त्यावरून त्याचं नाव कळतं. सगळं जमलं, तर मालगाडी गेली की टेबल थरथरायचं आणि कागदावरची रेघ उड्या मारायची. दौंडात राहून मालगाड्यांवर रागावून कसं चालेल? तिनं टेबलाखाली भीमेच्या वाळूनं भरलेला लाकडी हौद केला आणि टेबलाचे पाय वाळूत रोवले. मी बघत होते. ह्या बाईनं फ्रिज, गोठा, भंगार आणि नदी एकत्र करून काय चालवलंय, हे मला तेव्हा कळत नव्हतं, पण तिच्या तोंडावरचा आनंद कळत होता.

मी एकदा विचारलं, "अगं, पण आता मोठमोठ्या ठिकाणी नवी यंत्रं आलीत म्हणतेस, ती झटक्यात सगळं वाचतात. मग तुझं हे जुन्या पद्धतीचं लोढणं कशाला?" तिला हा प्रश्न आवडायचा. "ती मणी तोलून ओळखतात," ती म्हणाली. "आणि ह्या विसांत दोन बहिणी आहेत, ल्युसीन आणि आयसोल्युसीन. दोघींचं वजन हुबेहूब सारखं. तोलणाऱ्याची तिथं पंचाईत होते. माझी उसवणी तोलत नाही, ती नाव विचारते. वजन सारखं म्हणून माणूस सारखा होतो का गं?" माझ्याकडं, मग स्वतःकडं बघून म्हणाली, "तसं आपलं वजनही सारखंच आहे." मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

तिला काय हवं होतं ते इथं सांगायलाच हवं, कारण शेवटची दोन वर्षं ती त्याच एका गोष्टीसाठी जगली. तिला उसवणी शिरूरला, आमच्या कॉलेजात, एका साध्या खोलीत बसवायची होती. आपल्या तालुक्यातल्या मुलींनी स्वतःच्या हातानं एक माळ उसवावी, नाव वाचावं, कुणाच्या दारात रांग लावू नये, बस. आजार तेव्हा निघाला होता. कॅन्सर. ती त्याबद्दल फार बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "माझ्या मागं हे रफिकच्या फ्रिजांच्या ढिगात जाऊ नये, कमळे. रफिक भला आहे, पण त्याला सगळ्याचे पार्ट दिसतात."

आमचे प्राचार्य सज्जन. ते म्हणाले, आमच्यासमोर एकदा चालवून दाखवा, खात्री पटली तर खोली देतो. काय दाखवायचं ते शमीमनंच ठरवलं. गाईच्या आणि मेंढीच्या दुधात एक प्रथिन असतं, जवळजवळ सारखंच. पण पहिल्याच मण्यात फरक. गाईचं ल्युसीननं सुरू होतं, मेंढीचं आयसोल्युसीननं. त्याच त्या दोन बहिणी! पुस्तकात छापलेलं आहे, कुणालाही पडताळता येईल. "आपल्याकडं दुधाला काय तोटा," ती म्हणाली. गाईचं तिनं दौंडातून घेतलं आणि मेंढीचं मी माझ्या भामाआत्याकडून आणून दिलं. भामाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, वडगावातच दिलेली. तिच्या घरी आता गाई आहेत, त्यांचं दूध रोज केंद्रावर जातं, पण तिनं हट्टानं थोड्या मेंढ्याही राखल्यात. शमीमनं दोन्ही दुधांतून ते प्रथिन वेगळं काढलं, त्यात बरेच दिवस गेले, आणि मग उसवणी टेंपोत घालून, न्हावऱ्याच्या रस्त्यावरचे खड्डे चुकवत, आम्ही शिरूरला नेली.

खोलीत प्राचार्य, विज्ञानाचे विभागप्रमुख आणि संस्थेचे एक संचालक बसले होते. हे संचालक आमच्या भागातलं दूध संकलनही बघायचे, त्यामुळं दुधाचा प्रयोग म्हटल्यावर मुद्दाम आले. आधी गाईचं लावलं. पहिला मणी, ल्युसीन. स्वच्छ, एकच शिखर कागदावर. पुढचे काही मणीही तसेच, एकेक, पुस्तकातल्यासारखे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मेंढीचं. एक मणी सुटायला, नाव कळायला चांगला वेळ लागतो, चहाच्या फेऱ्या होत होत्या. शेवटी कागद आला आणि पहिल्याच जागी दोन शिखरं, शेजारीशेजारी. आयसोल्युसीन होतं, आणि ल्युसीनही होतं. पुढचे काही मणी निघेपर्यंत शमीम नुसती कागद बघत राहिली. विभागप्रमुख जरा संकोचूनच म्हणाले, "मॅडम, मघाचं गाईचं आत काहीतरी राहून गेलेलं दिसतं. यंत्र पूर्ण धुतलं जात नाही बहुतेक. तसं असेल तर ह्याच्या वाचनावर भरवसा ठेवणं अवघड आहे."

शमीम वर बघून मला हळूच म्हणाली, "दूध आत्यांनी स्वतः काढलं होतं ना?" मला हळू कुठं बोलता येतंय. "म्हणजे काय! तिच्या हातचं!" संचालक हसून म्हणाले, "कुणाच्या घरचं म्हणायचं दूध?" आणि मी छाती फुगवून आत्याचं नाव, गाव, सगळं सांगितलं. आमच्या भामाआत्याचं दूध, त्यात बोट दाखवायला जागा नाही. शमीमनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "सर म्हणतात तसंच आहे. धुण्यात कसर राहिली. यंत्रातच खोट आहे."

मी तोंडात बोट घातलं. जी बाई वसतिगृहात खिडकीसाठी महिनाभर भांडली, ती स्वतःच्या यंत्रासाठी एक वाक्य बोलली नाही! टेंपोत मी तिला फाडून खाल्लं. "अगं, भांडायचं होतंस! काहीतरी म्हणायचं होतंस!" ती डोळे मिटून बसली होती, म्हणाली, "ऊन लागलंय मला. गप बस जरा." मग थोड्या वेळानं, "आत्यांना दुधाबद्दल काही विचारू नकोस हां. उगाच त्यांच्या मनाला लागेल." मला वाटलं, आजारपणानं हिची रग गेली. त्याच गोष्टीचा मला जास्त राग आला, आणि जास्त रडूही आलं.

पुढं ती स्वतः वडगावला गेली. आत्याच्या गोठ्यात उकिडवी बसून, मेंढीची धार थेट आपल्या बाटलीत घेतली. दौंडला उसवणी पुन्हा चालवली, तेव्हा पहिल्या जागी एकच नाव आलं, आयसोल्युसीन. "धुतलं नीट ह्या वेळी," ती म्हणाली. तो कागद मी प्राचार्यांना नेऊन दाखवला. त्यांनी बघितला, कौतुक केलं, पण एकदा समोर बसून पाहिलेलं मनातून जाता जात नाही. "पुढच्या वर्षी बघू या," ते म्हणाले. पुढचं वर्ष शमीमकडं नव्हतं, हे त्यांना कुठं ठाऊक.

शेवटची भेटले तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. अंगात काही राहिलं नव्हतं. मला वाटलं, झोप लागलीय, तर तशीच म्हणाली, "कॉलेजकडून काही?" मी म्हटलं, "बघू म्हणतायत." ती म्हणाली, "उसवणी खरी आहे, कमळे. तू धरून चाल." मी हो म्हणाले. मला त्या यंत्रातलं काय कळतंय, मी तिच्यावर विश्वास ठेवत होते... तिला मात्र तो मी यंत्रावर ठेवायला हवा होता.

ती गेल्यावर काही दिवसांनी भामाआत्या माझ्यासोबत दौंडला आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तीच हटून बसली, "पोर माझ्या गोठ्यात बसून गेली, मला जायाच पायजे." रफिकभाई मागच्या खोलीत होते. उसवणीवरची चादर काढलेली, आणि ते पाना घेऊन खाली बसलेले. गोठेवाल्याचा पंप परत करायचा होता, आणि बाकीचंही उगाच धूळ खात पडण्यापेक्षा, असं काहीतरी ते बोलले. तोंडावरून वाटत होतं की त्यांचाच हात कापला जातोय. आत्यानं यंत्राभोवती एक फेरी मारली.

"ह्येच व्हय त्ये, दुधाचं नाव सांगनारं?"

"तेच," मी म्हणाले. "पण चुकलं ना ते आत्या, ऐन वेळी. तुझ्या मेंढीच्या दुधात त्यानं गाईचं नाव दाखवलं."

आत्या माझ्याकडं बघतच राहिली. "मंग चुकलं कुठं? गाईचं घातलं हुतं की म्या."

आत्या आपली सांगतच होती, "आगं, मेंढ्या आटत आल्या हुत्या तवा. कोकरांच्या तोंडचं काढून काढून किती काढायचं? निम्मी किटली झाली. कालिजात जायचं दूध, त्यात शमीमचं काम, आन् भामीनं निम्मीच किटली धाडली म्हंजी काय दिसतंय? मंग वरनं गाईचं घातलं. दूध त्ये दूध, त्यात काय."

रफिकभाई खाली बघूनच म्हणाले, "आपाला ठाऊक होतं."

मग ते सांगायला लागले. त्याच दिवशी घरी आल्यावर शमीमनं त्यांना कागद दाखवला होता. म्हणाली होती, बघ रफिक, दोन नावं फक्त पहिल्या जागी आहेत, दुसऱ्या मण्यापासून पुढं सगळं साफ, एकेकच. यंत्रात गाईचं राहिलं असतं तर त्या माळेचा पहिला मणी आधीच सुटून गेलेला, तिचे पुढचेच मणी मधे मधे घुसले असते. आम्ही जेवढी माळ उसवली त्यात गाईत आणि मेंढीत फरक आहे तो एका पहिल्याच मण्याचा, आणि नेमकी तिथंच दोघी बहिणी उभ्या आहेत. म्हणजे दुधंच दोन होती, आणि माझ्या उसवणीनं न सांगता दोन्ही ओळखली! "काय खूश होती, ताई," रफिकभाई म्हणाले. "तापानं फणफणली होती आन् हसत होती. मी म्हटलं, मग तिथं बोललीस का न्हाई? तर म्हणाली, तिथं दूध केंद्राचे साहेब बसलेले. कमळनं आत्यांचं नाव सांगून टाकलेलं. त्यांच्यासमोर दुधात दूध हाय म्हटलं तर त्याला एकच शब्द हाय, भेसळ. तो शब्द एकदा त्या घराला चिकटला की निघायचा न्हाई. यंत्राचं काय, त्याला कुठं केंद्रावर दूध घालायचंय."

"आणि मला? मला का नाही सांगितलं तिनं?" मी ओरडलेच.

"तुम्हाला सांगितलं तर तुम्ही तशाच वडगावला जाऊन आत्यांच्या अंगणात ओरडला असता, म्हणाली."

मी कपाळाला हात लावला. बरोबरच होतं तिचं. पण म्हणून काय झालं? मला इतका राग आला तिचा, की समोर असती तर बखोट धरून हलवली असती. अगं, पहिल्या दिवशी जिंकली होतीस तू! आपण सगळे त्या खोलीत बसलेलो असताना जिंकली होतीस, आणि तोंडानं हरले म्हणालीस. ते दुसरं दूध कशाला आणायला गेलीस, तब्येतीची लक्तरं झालेली असताना? माझ्या आत्यासाठी... आणि मला शब्दानं सांगितलं नाहीस.

आत्या भिंतीला टेकून खाली बसली होती. तिच्या तोंडातनं तो शब्द आधी नुसताच निघाला. "भेसळ." मग म्हणाली, "व्हय. भेसळच की ती. आन् माझ्यापायी पोरीनं आपल्या मिशनीला खोटं म्हनवून घेतलं?" तिनं डोळ्याला पदर लावला, नाक पुसलं, आणि एकदम तिचा नेहमीचा आवाज आला. "रफिक, त्यो पाना ठिव खाली. कमळ, मला तुझ्या कालिजात ने."

नेली. प्राचार्यांनी त्या संचालकांनाही बोलावून घेतलं. मी रस्त्यात आत्याला शंभरदा बजावलं होतं, तू काही बोलू नकोस, मी सांगते नीट समजावून. कसलं काय! खुर्ची पुढं केली तर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "सायेब, भेसळ म्या केली. कुनाला इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. मिशीन खरं बोललं हुतं." सगळं सांगितलं तिनं, किटली निम्मी कशी राहिली इथपासून. संचालक विरघळले. भला माणूस, तेही शेतकरीच. "अहो मावशी, भेसळ कसली म्हणताय ह्याला? पाहुण्याचा मान राखलात तुम्ही. आपण ह्याला भेसळ नाही म्हणायचं."

"न्हाई," आत्या म्हणाली. "भेसळच म्हना. तुमी दुसरं काय नाव ठेवाया लागला तर मिशीन पुन्यांदा खोटं पडंल."

विभागप्रमुखांनी माझ्या हातातला, रफिकभाईंनी जपून ठेवलेला, त्या दिवसाचा कागद मागून घेतला. बराच वेळ बघितला. "पहिली जागा," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि पुढं सगळं साफ... हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं." प्राचार्य उठले, आत्याला नमस्कार केला आणि शिपायाला खोलीची किल्ली आणायला सांगितलं.

उसवणी आता शिरूरला आहे. टेबलाचे पाय वाळूतच आहेत, मालगाड्या इथं नसल्या तरी. रफिकभाईंनी गोठेवाल्याला दुसरा पंप नेऊन दिला आणि झडपा स्वतः बसवून गेले. मुली मुखवटे बांधून काम शिकतायत. केंद्रावर आत्याच्या गाईंचं दूध रोज जातं, कुणी काही बोललेलं नाही. बोललं असतं तरी तिनं ऐकून घेतलं असतं, असं ती म्हणते. शमीम हे सगळं बघायला नाही, ह्याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. लोक म्हणतात, तिच्या आत्म्याला शांती मिळाली असेल. मला तिची शांती नको आहे, मला ती हवी आहे, खिडकी बंद कर म्हणून वसकन ओरडणारी.

आज मुलींचा पहिला पुरा प्रयोग सुरू व्हायचा होता. मेंढीचं दूध हवं होतं, म्हणून सकाळी मी वडगावला गेले. आत्यानं किटली माझ्या हातात दिली. हलकी लागली म्हणून मी झाकण उघडून बघितलं.

"निम्मीच हाय," आत्या म्हणाली. "पर समदी मेंढीची हाय. शमीमला तेवढं सांग."

मी म्हटलं, "सांगते."